दिला की घेतला? : पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची गोष्ट

पुरंदरचा इतिहास शाळेच्या पुस्तकात चार ओळींत संपतो. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगाचा वेढा पडला, मुरारबाजी देशपांडे लढता लढता पडले, शिवाजी महाराजांनी तह केला, तेवीस किल्ले मोगलांना गेले. एवढं पाठ केलं की परीक्षेला पुरतं. किल्ल्यावर गेलात तर माचीवर मुरारबाजींचा पुतळा दिसतो, दोन्ही हातांत तलवारी घेतलेला. पुतळ्यापासून थोडं पुढं पद्मावती तळं लागतं. तळ्याच्या मागं, वायव्येच्या अंगाला, तटाला लागून एक बुरूज आहे. त्याचं नाव शेंदऱ्या बुरूज. मला ज्याच्याबद्दल लिहायचंय तो हा बुरूज.

त्याची गोष्ट अशी. बहामनी अंमल चालू होता. किल्ल्याचं बांधकाम काढलेलं. बाकी तट उभा राहिला, हा एक बुरूज काही उभा राहीना. रचावा आणि ढासळावा, रचावा आणि ढासळावा. मग बेदरच्या बादशहाला दृष्टांत झाला म्हणतात : जेठा मुलगा आणि त्याची बायको बुरुजाच्या पायात घाला, म्हंजे काम सिद्धीस जाईल. तेव्हा बहिरनाक सोननाक याने आपला मुलगा नाथनाक आणि सून देवकाई अशी दोघं गाडण्यासाठी दिली. तिथी सुद्धा सांगतात, आश्विन वद्य अष्टमी. दिवाळी आठवड्यावर आलेली. दोघं पायात गेली आणि बुरूज उभा राहिला.

दुसऱ्या एका सांगण्यात ज्याच्यावर ही कामगिरी सोपवली त्या कारभाऱ्याचं नाव येतं, येसाजी नाईक चिवे. त्याने नवराबायको पायात घातली, वर सोनं आणि विटा वाहिल्या. काम फत्ते झाल्यावर किल्ला येसाजी नाइकाच्या ताब्यात दिला गेला, आणि ज्याचा मुलगा गेला त्या बापाला दोन गावं मिळाली. इंग्रजांनी १८८५ साली पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं, त्यात पुरंदरच्या माहितीत ही दंतकथा आलेली आहे. आपल्या म्हाताऱ्यांना ती गॅझेटियरवाचून पाठ होती.

मागं एका अभ्यासवर्गात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा पोरांत सरळ दोन तट पडले. एक म्हणाला, "ही सगळी अंधश्रद्धा आहे, भाऊ. बळी देऊन बुरूज उभा राहतो व्हय? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसानं असल्या भाकडकथा तोंडात सुद्धा घेऊ नयेत." दुसरा उसळून म्हणाला, "नाथनाक आपला हुतात्मा आहे. आपल्या रक्तावर हे किल्ले उभे आहेत. बुरुजावर फलक लावला पाहिजे." तासभर जुंपली. शेवटी मागच्या बाजूला बसलेली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "देवकाईला कुणी विचारलं होतं का?"

त्या दोन्ही पोरांचं काही अंशी बरोबर आहे. पण खरा धागा त्या मुलीनं धरला. गोष्टीतलं सगळं वजन एका क्रियापदावर आहे : 'दिली'. बहिरनाकाने मुलगा दिला, सून दिली. देणारा कोण आणि घेणारा कोण हे ठरवल्याशिवाय या बुरुजाचा इतिहास आपल्याला कळणार नाही.

२

आधी किल्ल्याची हकिकत, थोडक्यात. कारण या किल्ल्यावर कुणाकुणाची नावं टिकली ते बघण्यासारखं आहे.

चौदाव्या शतकात बहामन्यांनी पुरंदर बांधून काढला. पंधराव्या शतकाच्या शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळपुरुष मलिक अहमद याने तो घेतला. पुढं आदिलशाही आली. किल्ला निळकंठराव सरनाईकाकडे होता. तो वारल्यावर त्याच्या मुलांत भांडण लागलं आणि त्या भांडणात किल्ला शिवाजी महाराजांकडे आला. १४ मे १६५७ ला संभाजीराजे इथंच जन्मले.

१६६५ चा वेढा मोठा होता. जयसिंगाचा सरदार दिलेरखान पठाण पुरंदराला भिडला. आधी जोडकिल्ला वज्रगड पडला, मग त्यावर तोफा चढवून पुरंदरावर मारा झाला. सभासदाच्या बखरीत आहे की मुरारबाजी निवडक सातशे माणसं घेऊन दिलेरखानावर चालून गेले. खानाने त्यांची मर्दुमकी बघून कौल देऊ केला, तो त्यांनी झुगारला, आणि खानाच्या बाणाने ते पडले. गावोगाव याच्याही पुढची कथा सांगतात, की मुंडकं तुटल्यावर धड लढत राहिलं. ११ जून १६६५ ला तह झाला. पस्तीसपैकी तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख गेला. १६७० साली मराठ्यांनी पुरंदर परत घेतला. पेशवाईत गंगाबाई इथं येऊन राहिली आणि १७७४ साली सवाई माधवराव इथं जन्मला. १ मार्च १७७६ ला पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी इंग्रजांशी पुरंदरचाच दुसरा तह केला. १८१८ च्या मार्चमध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. त्यांनी तिथं आजारी गोऱ्या सोल्जरांसाठी हवा खायची जागा केली, चर्च बांधलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लोकांना तिथं नजरकैदेत ठेवलं. त्या चर्चच्या भिंती माचीवर आहेत. किल्ला लष्कराकडे आहे, फाटकावर ओळखपत्र दाखवून आत जावं लागतं.

आता या यादीत बघा. बादशहा आहे, सरनाईक आहे, राजे आहेत, पेशवे आहेत, साहेब आहेत. सातशे माणसं आहेत, पण ती फक्त आकडा म्हणून. किल्ला ज्यांच्या जीवावर राखला जात होता ती माणसं कुठं आहेत?

ग्रँट डफनं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात गडाच्या बंदोबस्ताचं वर्णन आहे. ब्राह्मण, मराठे, रामोशी, महार, मांग हे सगळे मिळून गडकरी. त्यांना गडाभोवतीची जमीन पिढीजाद, कसून खायला. पण कामाची वाटणी जातीबरहुकूम. ब्राह्मण दप्तर सांभाळणार. रामोशी, महार बाहेरच्या चौक्यांवर. वाटा राखायच्या, बातमी काढायची, विचारणाऱ्याला भलतीकडे धाडायचं, मागं राहिलेल्या शत्रूला गाठायचं. म्हंजे गावात महार जिथं होता तिथंच गडावरही होता. गावाला कुसाबाहेर, गडाला तटाबाहेर. शत्रू आला तर पहिला घाव त्याच्यावर. आणि तटाच्या आत महाराला जागा मिळाल्याची गोष्ट जी सांगितली जाते, ती शेंदऱ्या बुरुजाची. तीही पायाखाली.

रामोश्यांची गत काही वेगळी नाही. पुरंदरच्या पायथ्याचं भिवडी हे उमाजी नाइकाचं गाव. १७९१ चा जन्म. त्याच्या घराण्याकडे या गडाची राखण होती. राज्य बदललं, राखण गेली, वतनं गेली. गड राखणारे एका रात्रीत दरोडेखोर ठरले. उमाजीने इंग्रजांविरुद्ध बंड केलं आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी गेला. बुरुजावर उभ्या असलेल्या जातीला सुद्धा बुरूज आपला म्हणता आला नाही.

३

आता 'दिला' या शब्दाकडे येतो.

कुणी म्हणेल, दंतकथा आहे, इतकं खोलात काय जायचं? मी म्हणतो, दंतकथा आहे म्हणूनच जायचं. बुरुजात हाडं असतील नसतील. पण ज्या समाजानं ही गोष्ट पाचशे वर्षं तोंडातोंडी जपली, त्याला ती विश्वास ठेवण्याजोगी वाटली. बुरुजाला माणूस घालायचा तर तो कोण असणार, हे ऐकणाऱ्याला विचारावं लागलं नाही. दृष्टांतात जात सांगितलेली नाही, बघा. जेठा मुलगा आणि त्याची बायको, एवढंच. बेदरात काय कुणाला जेठा मुलगा नव्हता? सरदारांना नव्हता? येसाजी नाइकाच्या घरी नव्हता? पण शोध थेट नावामागे 'नाक' असलेल्या घरात येऊन थांबला. सोननाक, बहिरनाक, नाथनाक. हे नाव ऐकलं की कुणाचं घर ते सांगायला नको. गोष्टीतली ही निवड हीच त्या काळची खरी बातमी आहे. ती कुठल्याही शिलालेखाइतकी पक्की आहे.

मग बहिरनाकाला 'नाही' म्हणता आलं असतं का? महाराचं गावातलं काम काय होतं ते आठवा. वेशीवर येसकर म्हणून रात्र जागवायची. सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं. सारा कचेरीत पोचवायचा, सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, सरपण फोडायचं. शिवेचं भांडण लागलं तर महाराने शीव चालून दाखवायची. त्या वेळी मात्र त्याचा शब्द प्रमाण. बोलावणं आलं की जायचं, कधी आणि किती वेळ हे सांगणाऱ्याने ठरवायचं. वतनदार महाराला वेठ नाकारायची सोय नव्हती. तेव्हा ज्या माणसाला लाकडाची मोळी नाकारता येत नाही, त्याला मुलगा नाकारता आला असता, असं कुणी मानायचं? त्याच्याकडनं मुलगा घेतला. आणि घेतल्यावर कागदात लिहिताना, सांगताना, 'दिला' म्हटलं. घेणाऱ्याचं पाप त्या एका अक्षरफेरानं धुतलं गेलं.

देवकाईचं तर त्याहून वाईट. नाथनाकाला निदान बाप आहे, 'दिला' म्हणायला. देवकाई परक्याची लेक, या घरात सून म्हणून आलेली. सासऱ्याने दिली, कारभाऱ्याने घेतली. तिच्या आईबापाचं नाव गोष्टीत नाही, तिचा एक शब्द नाही. जातीच्या उतरंडीत खालच्या घरातली आणि त्या घरातही सगळ्यांत खालची. अभ्यासवर्गात त्या मुलीनं विचारलं ते याचसाठी महत्त्वाचं. आपण 'आपला हुतात्मा' म्हणून नाथनाकाचं नाव घेतो तेव्हा देवकाईचं नाव दुसऱ्या क्रमांकाला तरी येतं का, की तिथंही ती बुरुजातच राहते? हे आपल्या चळवळीने स्वतःला विचारायला पाहिजे.

४

ही गोष्ट एकट्या पुरंदरची असती तर मी इतकं लिहिलं नसतं.

गुजरातेत पाटणला सहस्रलिंग तलाव आहे. सिद्धराज जयसिंग या सोळंकी राजाने तो बाराव्या शतकात बांधून काढला. तिथली कथा अशी की आपल्याकडच्या वडारांसारखी माती खणणारी ओड जमात तलाव खणायला आली होती. त्यात जसमा नावाची बाई होती. राजाची नजर तिच्यावर गेली. तिने जीव दिला आणि जाता जाता शाप दिला की या तलावात पाणी ठरणार नाही. मग ज्योतिषी म्हणाले, बत्तीस लक्षणी माणसाचा बळी पाहिजे. तो माणूस सापडला अस्पृश्य विणकराच्या घरात. मायो त्याचं नाव. वीर मेघमाया म्हणून गुजरातेतले दलित त्याला आजही मानतात. मरायच्या आधी मायोने राजाकडे मागणं घातलं : माझ्या लोकांच्या गळ्यातलं मडकं आणि कमरेचा झाडू काढा, त्यांना गावाजवळ राहू द्या, अंगणात तुळस लावू द्या. राजाने कबूल केलं म्हणतात.

राजस्थानात जोधपूरचा मेहरानगड बघा. १४५९ साली राव जोधाने पाया घातला. त्या डोंगरावर चिडियानाथ नावाचा साधू राहत होता, त्याला हुसकलं तेव्हा त्याने पाण्याचा दुष्काळ पडेल असा शाप दिला. मग पायात जिवंत माणूस घातला. त्याचं नाव राजिया, जातीने मेघवाळ. त्याच्या घरच्यांना जमीन दिली गेली. त्याच्या नावाचा दगड गडावर आहे, येणारेजाणारे तो वाचून पुढं तोफा बघायला जातात.

आणि आपलीच बावन्न हक्कांची कथा. बेदरच्याच दरबारची. अमृतनाक महाराने बादशहाच्या घरातली हरवलेली बाई शोधून सुखरूप आणून पोचवली. बादशहाला संशय येणार हे ओळखून त्याने निघतानाच एक बंद डबी दरबारात ठेवली होती. परत आल्यावर ती उघडायला लावली. त्यात त्याने आपलं पुरुषत्व कापून ठेवलं होतं. बादशहा खूश झाला आणि म्हणाला, माग. अमृतनाकाने स्वतःसाठी काही मागितलं नाही, जातीसाठी बावन्न हक्क मागितले. आमच्या जुन्या लोकांना या सनदेचा केवढा अभिमान! पण त्या हक्कांत होतं काय? मेलेल्या ढोराचं कातडं, मढ्यावरचं कापड, खळ्यावरचं बलुतं, सणाचं शिळंपाकं.

चारही गोष्टी शेजारी ठेवा. पुरंदर, पाटण, जोधपूर, बेदर. राजे वेगळे, धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. हिशेब एकच. अस्पृश्याने आधी अंग द्यायचं : जीव, नाही तर अवयव. मग राजाने खूश होऊन काही तरी टाकायचं : दोन गावं, जमिनीचा तुकडा, बावन्न हक्क. पाणी, तुळस, गावाजवळची जागा, जे शेजारच्या घरात जन्मलेल्याला फुकट मिळतं, ते आपल्याला एका देहाच्या किमतीला. आणि ती किंमत दिल्यावरही माल मिळालाच असं नाही. मायोने गुजरातेत मडकं आणि झाडू काढायला लावला म्हणतात. पण पेशवाईच्या पुण्यात तेच मडकं गळ्यात आणि तोच झाडू कमरेला होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन'मध्ये सांगितलं आहे.

५

आता आपल्या आज्यापणज्यांबद्दल. त्यांनी या कथा जपल्या म्हणून त्यांना हसायचं कारण नाही. त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. जमिनीचा कागद नव्हता, बखर नव्हती, पुतळा नव्हता. गोष्ट हाच त्यांचा दस्तऐवज होता. आम्ही या मुलखात उपरे नाही, तुमच्या तटात आमची माणसं आहेत, हे सांगायचा एवढा एकच पुरावा.

आणि त्याचा उपयोगही त्यांनी केला. १८९०नंतर इंग्रजांनी फौजेत महारांची भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवराम जानबा कांबळे यांनी पुरंदरच्या पायथ्याशीच, सासवडला, एक्कावन्न गावांतल्या महारांची सभा भरवली. सरकारला अर्ज गेला, त्यावर १५८८ सह्या होत्या. फौजेत, पोलिसात घ्या, शिकू द्या, अशी मागणी. १९१० साली थेट विलायतेला भारतमंत्र्याकडे अर्ज गेला. आम्ही कुठं लढलो, काय राखलं, याचे दाखले अर्जात होते. सासवड हा महात्मा फुल्यांचाही मुलूख. त्यांच्या घराण्याची खानवडी याच तालुक्यात. त्याच कांबळ्यांनी भीमा कोरेगावच्या स्तंभाजवळ लोक जमवायला सुरुवात केली. १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईत कंपनीच्या फौजेतले जे पडले त्यांची नावं स्तंभावर कोरलेली आहेत. एकूणपन्नासांतली बावीस 'नाक' लागलेली. बुरुजातल्या नाथनाकाचं नाव कुणी कोरलं नव्हतं. इथं पहिल्यांदा 'नाक' दगडावर आलं, सरकारी दगडावर, ओळीत, बाकीच्यांच्या बरोबरीनं. आपली माणसं त्या दगडापुढं का उभी राहतात हे ज्यांना कळत नाही, त्यांनी आधी शेंदऱ्या बुरुजाची गोष्ट ऐकावी.

पण अर्जाची भाषा अजून जुनीच होती. आम्ही सेवा केली, आता काही द्या. कालपर्यंत मालक बादशहा होता, आता साहेब.

ही भाषा बाबासाहेबांनी मोडली. १ जानेवारी १९२७ ला ते कोरेगावच्या स्तंभाजवळ गेले. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर. मध्ये तीन महिने सुद्धा पुरे नाहीत. महाडला काय झालं ते या कथांच्या शेजारी ठेवून बघा. तिथं कुणी बळी दिला नाही. कुणी डबीत काही कापून ठेवलं नाही. कुणा राजाला खूश केलं नाही. हजारो माणसं रांगेनं चालत गेली, बाबासाहेब तळ्यात उतरले, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायले. १९२३ चा बोले ठराव होता, महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव होता. तो हक्क होता, बक्षीस नव्हतं, आणि हक्क बजावायला अंग गहाण टाकावं लागत नाही हे त्या दिवशी लोकांना कळलं. परतताना सवर्णांनी डोकी फोडली ती उगीच नाही. पाटणच्या राजापासून चालत आलेला सगळा हिशेबच त्या ओंजळीनं उलटा केला होता.

तिथंच थांबले नाहीत. १९ मार्च १९२८ ला त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबद्दलचं बिल मांडलं. ज्या बावन्न हक्कांचा आपल्याला अभिमान, त्यांच्याच मुळावर घाव. वतन हे हक्क नसून साखळी आहे, चतकोर जमिनीसाठी आणि भाकरीतुकड्यासाठी अख्खं घरदार चोवीस तास सरकारच्या आणि गावच्या हुकमाला बांधलेलं आहे, हे त्यांनी आपल्याच लोकांना समजावलं. सोपं नव्हतं. आपल्यातलेच कैक म्हणायचे, बापजाद्यांचं वतन कसं सोडायचं? डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला महार-मांग वतनदारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. बहिरनाकाला 'नाही' म्हणता यावं म्हणून ही तीस वर्षांची लढाई होती, असं मी समजतो.

६

कुणाला वाटेल, जुन्या गोष्टी, आज त्यांचं काय? पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांचा अंत १६८९ साली झाला. वढू बुद्रुकला त्यांची समाधी आहे. औरंगजेबाच्या दहशतीला न भिता गोविंद गोपाळ या महाराने त्यांच्या देहाचे अंत्यसंस्कार केले, अशी आपल्या लोकांत परंपरा आहे. दुसरे लोक ती मानत नाहीत, ते दुसऱ्या घराण्याचं नाव सांगतात. २०१७ च्या डिसेंबरअखेरीला वढूत गोविंद गोपाळांच्या समाधीची आणि फलकाची मोडतोड झाली. तीन दिवसांनी, १ जानेवारी २०१८ ला, कोरेगावच्या लढाईला दोनशे वर्षं होत असताना, स्तंभाकडे निघालेल्या लोकांवर दगड पडले, गाड्या जळाल्या, एका तरुणाचा जीव गेला. एका फलकावरच्या एका नावावरून. तेव्हा दंतकथा कोण सांगतो, त्यात कुणाचं नाव राहतं, कुणाचं पुसतात, हा रिकामटेकड्यांचा विषय नाही.

लक्षात घ्या, नाथनाकाच्या नावावरून कुणी दगड मारत नाही. महार पायाखाली गाडला गेला ही गोष्ट सगळ्यांना चालते. महाराने राजाच्या देहाला हात लावला, अग्नी दिला, ही गोष्ट चालत नाही. आपण मेलेलो चालतो, मान मिळवलेला चालत नाही.

म्हणून अभ्यासवर्गातल्या दोन्ही मित्रांना माझं सांगणं. पहिल्या मित्रा, गोष्ट फेकू नकोस. बळी दिल्याने बुरूज उभा राहतो हे खोटं आहे, ते खोटं म्हणूनच सांग. पण बळी कुणाचा मागितला गेला ते दडवू नकोस. दुसऱ्या मित्रा, फलक जरूर लाव. पण त्यावर 'स्वामिनिष्ठेने प्राण अर्पण केले' असलं काही लिहू नकोस. ती कारभाऱ्याची भाषा आहे. 'नाथनाक आणि देवकाई यांना या बुरुजाच्या पायात गाडलं, अशी कथा आहे' एवढं लिही. दोघांची नावं सारख्या अक्षरात. 'दिलं' लिहू नकोस.

आणि बाकीच्यांनी एक काम करा. महाराष्ट्रात किल्ल्यांना तोटा नाही. तुमच्या तालुक्यातल्या पडक्या गडावर, गढीवर, जुन्या धरणा-तलावावर जा. पायथ्याच्या बौद्धवाड्यात, मांगवाड्यात, रामोशीवाड्यात, वडारवस्तीत म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. चार गोष्टी विचारा. दगड कुणी वाहिले? राखण कुणाकडे होती? पायात कोण आहे म्हणतात? आणि त्याच्या बदल्यात कुणाला काय मिळालं? म्हातारी जशी बोलेल तशी, तिच्याच बोलीत लिहून घ्या. सुधारू नका, सजवू नका. बाईचं नाव विसरली असेल तर दुसऱ्या घरी जाऊन विचारा, कुणाला तरी आठवत असतं. लिहिलेलं तारीख घालून आमच्याकडे पाठवा, आम्ही छापू. या म्हाताऱ्या आणखी किती दिवस आहेत? त्यांच्याबरोबर ही नावं गेली तर पुन्हा कुठल्या दप्तरात सापडायची नाहीत, कारण दप्तर त्यांच्यासाठी कधी उघडलंच नव्हतं.

जय भीम.